सरांच्या खिडकीखालची शेगडी

मी शेगडी बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे. अंगणातली, ड्रमची, पोट सुटलेली. सुट्टीच्या दिवशी माझ्या पोटात कोळसे पेटवतात आणि जाळीवर मांस, मासे, कांदे, बटाटे, जे हाताला लागेल ते भाजतात. वहिनी चारचौघांत मला बार्बेक्यू म्हणते. दादा नुसतं 'आपली शेगडी' म्हणतो.

माझ्यावरून दोन घरांत मोठं भांडण झालं, असं गल्लीत कुणी सांगेल. ते तितकंसं खरं नाही. भांडण होतच नव्हतं, हीच तर अडचण होती. ते व्हायला फार वेळ लागला. पण झालं तेव्हा असं झालं, की अजूनही आठवलं की माझ्या थंड पत्र्यात ऊब येते.

आधी मी तेलाचा ड्रम होते. एका गॅरेजच्या मागे गंज खात पडले होते. मांजरं माझ्या पाठीवर बसून उन्हात अंग चाटायची, एवढाच माझा उपयोग. एके दिवशी दादाच्या वेल्डर मेहुण्याची नजर माझ्यावर गेली. त्याने मला आडवी घालून मधोमध कापली, बिजागऱ्या लावून झाकण केलं, वर धुराडं बसवलं आणि एका जुन्या पलंगाच्या पाइपांचे चार पाय जोडले. त्यातला एक तोकडा निघाला. मेहुण्याने तो पाहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "त्याच्याखाली काहीतरी सरकव." घडवणारे सगळे असंच करतात की काय, मला ठाऊक नाही.

जाताना तो दादाला म्हणाला, "हिला मोकळ्यावर ठेव हं. पोटात चारी बाजूंनी वारा गेला पाहिजे. कोंडलीस तर नुसती धुमसत बसेल."

"हो, हो," दादा म्हणाला. मीठ कमी खा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर माणसं म्हणतात ना, तसं.

दादा म्हणजे माझा मालक, वहिनी त्याची बायको. घर बदलणाऱ्यांचं सामान हलवायचं, हा त्याचा धंदा. ट्रक स्वतःचा. कपाटं, फ्रिज, शिवणयंत्रं, एकदा तर एक भलामोठा पियानो त्याने जिन्याच्या वळणावरून ओरखडा न उठवता खाली आणला. अख्ख्या शहराचं सामान हलवणाऱ्या या माणसाने मला मात्र एकदा ठेवलं ते ठेवलं.

आणि ठेवलं तरी कुठे? अंगणातली माती भुसभुशीत. माझा तोकडा पाय तिच्यात रुतायचा आणि जाळीवरचे बटाटे घरंगळत कुंपणापाशी जायचे. त्याच्याखाली विटेचा तुकडा सरकवला तर वीटही रुतली. म्हणून दादाने मला दोन घरांमधल्या अरुंद बोळात आणलं. तिथे खाली सिमेंट होतं. डुगडुगू नये म्हणून माझी पाठ भिंतीला टेकवली. भिंत दादाची नव्हती. ती शेजारच्या सरांची, लाकडी फळ्यांची, पांढरा रंग दिलेली.

सर विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवायचे. वाद कसा घालावा, मुद्दा कसा मांडावा, समोरच्याचं म्हणणं कसं खोडावं, हे त्यांनी हजारो मुलांना शिकवलं. स्वतः मात्र आयुष्यात कधी कुणाशी वाद घातला नाही. रिक्षावाल्याने चुकीच्या वळणावर सोडलं तर उतरून, त्याचे आभार मानून, चालत घरी येणारा हा माणूस. भांडायचं काम घरात त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे होतं. दूधवाला, घरमालक, नळ दुरुस्त करणारा, सरांना बढती न देणारे साहेब, सगळ्यांशी त्याच भांडल्या होत्या, आणि बहुतेक वेळा जिंकल्याही होत्या.

पण त्या वर्षी काकूंना फुफ्फुसांचं दुखणं झालं. बरेच दिवस रुग्णालयात काढून त्या घरी आल्या, त्या अर्ध्या होऊन आल्या. चार वाक्यं बोलल्या की थांबून श्वास घ्यायच्या. खिडकी उघडी ठेवा, मोकळी हवा हेच आता औषध, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्यांचा पलंग खिडकीला लावला.

ती खिडकी बोळातली. माझ्यापासून हातभर अंतरावर.

पहिल्या सुट्टीला दादाने मला पेटवलं. मी मनापासून जळायला बघत होते, पण पाठीशी भिंत, वर छपराची वळचण, वारा येणार कुठून? मी धुमसले. धूर सरळ वर जायचा सोडून फळ्यांवरून सरपटत खिडकीत शिरला. आतून खोकल्याचा आवाज आला आणि खिडकी घाईघाईने बंद झाली.

जरा वेळाने सर बाहेर आले. दादाने हातातला चिमटा खाली केला आणि विचारलं, "सर, धुराचा त्रास नाही ना होत तुम्हाला?"

बघा, संधी चालून आली होती. उत्तर 'होतो' एवढंच होतं. दोन अक्षरी. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "छे छे. उलट वास छान येतो."

दादा भाबडा माणूस. त्याचा चेहरा उजळला. संध्याकाळी तो वहिनीला म्हणाला, "ऐकलंस का, सरांना वास आवडतो. काकूंना जेवण जात नाही म्हणे. वासाने तरी भूक लागेल बिचाऱ्यांना."

आणि पुढच्या सुट्टीला त्याने मला उचलून थेट खिडकीच्या खाली आणून ठेवलं.

तयार झाल्यावर त्याने खिडकीवर टकटक केली आणि भाजलेल्या माशांची ताटली आत दिली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले आणि खिडकी लावली. पत्र्याला कान नसतात असं लोकांना वाटतं. मला आतलं सगळं ऐकू यायचं.

"छान," काकू म्हणाल्या. मग थांबून श्वास घेतला. "आता पुढच्या वेळी सांगा, शेगडी आतच आणा. इथे, पलंगाखाली जागा आहे."

"अगं, तो प्रेमाने देतो."

"मी बोलू का त्याच्याशी?"

"नको, नको. तुला दम लागेल. मी बोलतो."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी या बाबतीत एक शब्द बोलणार नाही," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे श्वास मोजका आहे. तो मी जपून वापरणार. इतकी वर्षं तुमच्या वाटणीचं मी भांडले. हे एक तुमचं."

त्यानंतर जे सुरू झालं ते गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. दादा ट्रक घेऊन गेला, वहिनी तिच्या बेकरीत गेली, की सर बोळात यायचे. इकडेतिकडे बघायचे. मग माझ्यासमोर उभे राहून घसा खाकरायचे.

"हे पाहा," ते मला म्हणायचे, "तुमच्या आनंदात विरजण घालायची माझी इच्छा नाही." मग थांबायचे. "छे. विरजण नको. फार घरगुती वाटतं." पुन्हा सुरुवात. "मुळात प्रश्न शेगडीचा नाही, अंतराचा आहे." हे त्यांना आवडायचं. पण लगेच कपाळाला आठी. "तरी त्यांचंही बरोबर आहे. आठवडाभर ओझी वाहणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी घटकाभर मजा करायची नाही, तर काय करायचं? शिवाय बोळ दोघांचा आहे. शिवाय त्याने विचारलं होतं. मीच छान म्हणालो. आता उलटं बोललो तर मी खोटारडा ठरतो."

माझी बाजू त्यांनी इतकी चांगली मांडली की मलाही जमली नसती. शेवटी स्वतःच्याच युक्तिवादापुढे हरून ते घरात जायचे. जाताना झाकणावर हलकेच हात ठेवून "माफ करा" म्हणायचे. माझ्याविरुद्धची तक्रार जगात सगळ्यात आधी, आणि कितीतरी दिवस फक्त मलाच ऐकवली जात होती. आणि मला काही बोलता येत नव्हतं. नाहीतर म्हटलं असतं, अहो सर, मलाही इथे राहायचं नाही. माझाही जीव घुसमटतो.

मग सरांनी आडून सुचवायला सुरुवात केली. एका सुट्टीला त्यांनी बोळात दोरी बांधून पांढरी चादर वाळत घातली. धूर बघून आपण चादर काढायला येऊ, मग विषय आपोआप निघेल, अशी त्यांची योजना असावी. पण दादाने पेटवायच्या आधीच ती चादर उतरवली, कडेला कडा जुळवून घडी केली, ट्रकमध्ये मखमलीच्या खुर्च्या झाकताना करतो तशी, आणि दारात नेऊन दिली. "धुराने खराब होईल, सर. लक्ष नव्हतं वाटतं तुमचं."

"आभारी आहे," सर म्हणाले.

पुढच्या खेपेला ते खिडकीत उभं राहून मुद्दाम मोठमोठ्याने खोकले. पंधरा मिनिटांत वहिनी मधाची बाटली घेऊन हजर. "सर, कोमट पाण्यात घ्या. आणि अंगावर काढू नका, या वयात."

बाटली घेऊन सर आत गेले. आतून काकूंचा आवाज आला. हसताना त्यांना धाप लागत होती, तरी त्या हसत होत्या. "जमतंय हं तुम्हाला. असंच चालू राहिलं तर ते आपल्याला दत्तक घेतील."

हसण्यावारी नेण्यासारखं ते फार दिवस राहिलं नाही. माझ्या पाठीमागच्या फळ्यांचा रंग आधी पिवळा पडला, मग बदामी, मग त्यावर फोड आले. खिडकीची डासांची जाळी आखडून एका कोपऱ्यात गोळा झाली. सुट्टीचा दिवस काकू आतल्या कोंदट खोलीत काढायच्या आणि त्यानंतर दोन दिवस त्यांचा श्वास ताळ्यावर येत नसे. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, इथे मोकळी हवा मिळत नसेल तर जिथे मिळेल तिथे पाठवा.

काकूंची बहीण दूर राहायची, गाडीने दिवसभराचं अंतर. काकूंनी तिला फोन केला. सर त्या वेळी खोलीतच होते. मला त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

"रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघते," काकू फोन ठेवून म्हणाल्या. "किती दिवस, ते माहीत नाही. तुम्ही जेवणाची काळजी करू नका. ताटली खिडकीतून येतेच."

सरांची पावलं थांबली, एवढंच मला कळलं.

त्याच रविवारी दादाने आपल्या हाताखालच्या सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. हमाल, दुसरा ट्रक चालवणारा, मेहुणा, सगळे. सकाळीच त्याने मला गळ्यापर्यंत कोळशाने भरलं. इतकी आग माझ्या पोटात कधीच पेटली नव्हती. भिंतीच्या बाजूने मी लालबुंद झाले. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. फळीवरचा रंग चुर्र चुर्र वाजत होता आणि बोळात गप्पांचा एवढा कल्ला होता की तो आवाज कुणाला ऐकू येणार?

दार उघडलं. सर आले. एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्या पायात बाहेरची. मागे दारातून काकूंची बांधून ठेवलेली बॅग दिसत होती.

"या, या सर," दादा म्हणाला. "पहिला तुकडा तुमचा."

"मुळात प्रश्न..." सरांनी सुरुवात केली. मला पुढचं सगळं पाठ होतं. मनातल्या मनात मी त्यांना शब्द पुरवत होते. पण ते थांबले. कधी थांबले नव्हते अशा जागी थांबले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

मग त्यांनी जे केलं ते माझ्यासमोरच्या एकाही तालमीत नव्हतं. ते दादाजवळ गेले, त्याचा उजवा हात मनगटाला धरला आणि तळवा भिंतीवर टेकवला.

दादाने हात झटकन मागे घेतला. "बाप रे."

"याच्या पलीकडे तिची उशी आहे," सर म्हणाले. आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "आणि मला वास आवडत नाही. कधीच आवडला नाही. छान येतो म्हणालो ते खोटं होतं. तिला श्वास घेता येत नाही. ती आज घर सोडून चालली आहे. ही शेगडी इथून हलवा."

दादाने पोळलेला तळवा पाहिला, मग भिंत पाहिली.

"अहो सर," दादाचा चेहरा पडला होता. "मग सांगायचं ना. मी तर तुमच्यासाठी जवळ आणली."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच सांगता येत नव्हतं."

मेहुणा मागून म्हणाला, "मी बनवली तेव्हाच सांगितलं होतं, मोकळ्यावर ठेव."

"तू गप्प बस. पाय सरळ बसवला असतास तर ठेवली असती," दादा म्हणाला. मग सरांकडे वळून हात जोडल्यासारखं केलं. "एवढा घाणा उतरला की लगेच हलवतो. अर्धवट भाजलंय सगळं."

इथे मला वाटलं, संपलं. आता सर 'छे छे, सावकाश होऊ द्या' म्हणणार. शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मी पाहिला. त्यांनी तो गिळला.

"नाही," ते म्हणाले. "आत्ता."

वहिनी आतून परात घेऊन आली होती. तिने ती दाणकन कट्ट्यावर ठेवली. "ऐकू आलं ना? लोकांची कपाटं हलवून पोट भरतोस आणि एक शेगडी हलेना तुला? मधाची बाटली देऊन आले मी त्यांना, मधाची. काय म्हणत असतील आपल्याला."

पुढे जे झालं त्याला मी माझी मिरवणूक म्हणते. त्यांनी निखारे फावड्याने लोखंडी घमेल्यांत काढले. मग शहरातले सगळ्यात तरबेज सामान हलवणारे हात माझ्याभोवती जमले. कुणी पोती गुंडाळली, कुणी पट्टे आणले. "उचल. डावीकडे. धुराडं सांभाळ. जरा वाकव, जरा." पियानोसाठी वापरलेला पट्टा माझ्या पोटाखालून गेला. पियानोचं मला ठाऊक नाही, पण राण्यांना पालखीत कसं वाटत असेल ते त्या दिवशी मला कळलं.

अंगणाच्या मधोमध मला टेकवलं आणि माझा तोकडा पाय मातीत रुतला. मी कलले. सगळे डोकी खाजवू लागले. दादा म्हणाला, "हेच तर. म्हणून तर तिकडे नेली होती."

"थांबा," सर म्हणाले. ते घरात गेले नाहीत. आपल्या दारासमोर वाकले आणि पायपुसण्याखालची मोठी दगडी फरशी उचकटायला लागले. त्यांना ती हलेना. दोघे धावले. सरांनी त्यांना दूर केलं नाही, पण एक कड स्वतःच धरून ठेवली, अंगणापर्यंत. फरशी माझ्याखाली बसली. चारही पाय तिच्यावर आले, तोकड्याखाली मेहुण्याने लोखंडाची एक पट्टी सारली, आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा मी सरळ उभी राहिले.

निखारे परत घातले. चारी बाजूंनी वारा आला. मी काय सांगू तुम्हाला. धुमसणं म्हणजेच जळणं असं मी समजत होते. तसं नसतं. ज्वाळा सरळ उठल्या, धुराडं घुमलं, आणि धूर एका बारीक रेघेसारखा वर, छपरांच्याही वर निघून गेला. कुणाच्याच खिडकीकडे त्याने वळून पाहिलं नाही.

तेवढ्यात बोळातली खिडकी उघडली. सताड. काकूंचं डोकं बाहेर आलं.

"कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

"हे," वहिनी सरांकडे बोट दाखवत म्हणाली. "स्वतः."

काकूंनी सरांकडे पाहिलं. त्यांचे हात मातीने भरलेले, चपला दोन जातींच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. काकूंनी सावकाश, पूर्ण, छातीभर श्वास घेतला. जपून ठेवलेला होता तो. मग म्हणाल्या, "अजून जरा पलीकडे घ्यायला सांगितली असतीत तरी चाललं असतं."

पण त्यांनी बॅग सोडायला घेतली होती. खिडकीतून मला दिसत होतं.

त्यालाही आता पुष्कळ काळ लोटला. काकू बहिणीकडे गेल्या नाहीत, बहीणच चार दिवस येऊन राहिली आणि सहा दिवसांचं भांडून गेली. काकूंचा श्वास पूर्वीसारखा झाला नाही, पण संध्याकाळी त्या अंगणात खुर्ची टाकून बसतात, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. दादा अजून प्रत्येक वेळी विचारतो, "सर, धुराचा त्रास?" आणि सर मान वर करून, धूर नीट न्याहाळून म्हणतात, "आज थोडा आहे." मग झाकण जरा कलतं करतात, धुराड्याची झडप फिरवतात, आणि जेवण पुढे चालू. कुणी कुणावर रागवत नाही. परवा तर एक रिक्षावाला सरांना चुकीच्या वळणावर सोडायला निघाला होता. ते उतरलेच नाहीत. ही गोष्ट त्यांनी घरी आल्यावर आधी मला सांगितली, मग काकूंना.

मी थकले आता. तळ गंजून पातळ झालाय, जाळी दोनदा बदलली. मेहुणा म्हणतो, नवी बनवू. बनवा, बापहो. फक्त या फरशीवरच ठेवा. सरांच्या दारात तिच्या जागी मातीचा चौकोन आहे. तिथे नवी फरशी बसवून देतो, असं दादा कितीदा म्हणाला. भिंतीवरचा करपलेला डागही रंगवून देतो म्हणाला. सर दोन्हीला नको म्हणतात. न अडखळता म्हणतात, हे विशेष.

जाता जाता तुम्हाला एवढंच सांगते. सुट्टीच्या दिवशी माझ्यासारखी एखादी पेटवाल, तेव्हा शेजाऱ्याला त्रास होतो का, ते जरूर विचारा. आणि तो हसून "छे छे" म्हणाला, तर पुढे जाऊन त्याच्या भिंतीला एकदा हात लावून बघा.